स्लॅबवर दुसरे छप्पर चढवण्याआधी : बांधकाम समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
विद्यापीठ बांधकाम समिती यांस

सप्रेम नमस्कार.

आवाराच्या फाटकावर नव्या शैक्षणिक संकुलाचा फलक लागला आहे. चार मजले, समोरून सगळी निळी काच, वर सपाट गच्ची, पायथ्याशी कुंड्यांतले पाम. चित्र सुबक आहे. आकाश निरभ्र, जमीन कोरडी, आणि ये-जा करणाऱ्या मुलामुलींपैकी एकाच्याही हातात छत्री नाही. कोकणात असे दिवस असतात, नाही असे नाही. पण त्या दिवसांत आपल्याकडे परीक्षा चालू असतात आणि मग सुट्टी लागते. आपले शैक्षणिक वर्ष सुरू होते ते मृगाबरोबर.

फलकाच्या तळाशी, ठेकेदाराच्या नावाच्या वर, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे : ‘जागेवरील जुनी चिरेबंदी इमारत निर्लेखित करून.’ म्हणजे पाडून. माझे पत्र त्या ओळीबद्दल आहे, आणि थोडे त्या काचेबद्दलही.

मी या आवारात शिकले, इथेच ग्रंथालयात नोकरीला लागले आणि ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. विद्यापीठाचे नाव लिहीत नाही, कारण मला कुणा एका अधिकाऱ्याकडे बोट दाखवायचे नाही. शिवाय अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, वसलेल्या कुठल्याही आवारात हे पत्र वाचले, तर तिथल्या लोकांना ते आपल्याबद्दलच लिहिले आहे असे वाटेल. मी अभियंता नाही. पण इमारत कुठे गळते हे ग्रंथपालाला अभियंत्याच्या आधी कळते. बादली कुठे ठेवायची ते तिलाच ठरवावे लागते.

फाटकापासून खाडीकडच्या कड्यापर्यंत चालत गेले की आवाराच्या तीन पिढ्या भेटतात. सर्वांत जुनी ही चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाची, लांबट इमारत. कमरेइतके जोते, पश्चिमेला या टोकापासून त्या टोकापर्यंत पडवी, वर मंगलोरी कौले, दोन्ही त्रिकोणी भिंतींत हवा खेळायला लाकडी झडपा. तिच्या कोनशिलेवर मुंबईच्या चाकरमान्यांची नावे आहेत. त्यांतले बहुतेक जण कॉलेजात कधी गेलेच नव्हते, गिरणीत गेले होते. दुसरी पिढी सत्तर-ऐंशीच्या दशकातली. टाइप प्लॅनवरून, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच ठरावीक नकाशावरून, उभ्या केलेल्या, सपाट गच्चीच्या आरसीसी इमारती. तोच नकाशा विदर्भातही चालला असता, आणि बहुधा चाललाही असेल. तिसरी पिढी म्हणजे प्रशासकीय भवन. काच, दर्शनी भागावर अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत शीट, आत फॉल्स सीलिंग आणि एसी. आवारात तिला ‘एअरपोर्ट’ म्हणतात. नाव मुलांनी ठेवले आहे, मी नाही. फलकावरचे संकुल याच एअरपोर्टचे मोठे भावंड दिसते.

पाऊस कसा पडतो, इथून सुरुवात करते. किनाऱ्यावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पुण्यात वर्षभराचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. हा आकडा आपल्या वास्तुविशारदांनाही माहीत असणारच. पण आकड्यात न दिसणारी गोष्ट अशी, की आपला पाऊस नेहमी वरून पडत नाही. तो नैऋत्येकडून वाऱ्यावर बसून आडवा येतो. सड्यावर त्याला अडवायला झाडही नसते. अशा पावसात छपराचे काम डोके झाकण्यापुरते नसते, भिंत कोरडी ठेवणे हेही त्याच्याकडेच असते.

जुन्या इमारतीत हे काम चोख केलेले आहे. जांभा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो. बांधणाऱ्यांना ते ठाऊक होते, म्हणून त्यांनी भिंतीला रंग लावून पावसाला तोंड द्यायला उभे केले नाही. पाखा, म्हणजे छपराची उतरती बाजू, भिंतीच्या चांगला पुढे काढला, पश्चिमेला पडवी घातली, उघड्या बाजूला वैशाखात माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले. पागोळ्या भिंतीपासून लांब, चिऱ्याच्या गटारात पडतात. मधल्या काळात कुणीतरी हौसेने दक्षिणेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला. आज संपूर्ण इमारतीत ओल धरणारी, पोपडे सुटणारी भिंत ती एकच आहे. आत गेलेली ओल बाहेर पडायला वाटच उरलेली नाही. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्यांनी छायाचित्रे काढली ती नेमकी याच भिंतीची, असे ऐकते.

आता दुसऱ्या पिढीकडे. सपाट गच्चीवर पाणी साचू नये म्हणून थोडा उतार देतात आणि कोपऱ्यात पाइप सोडतात. आषाढात त्या पाइपाच्या तोंडाशी जांभळीची पाने आणि शेवाळ बसते, गच्चीचे तळे होते. गळू नये म्हणून वर कोब्याचा थर घातला तरी दोन-चार उन्हाळ्यांत त्याला तडे जातात. मग ओल स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचते, आणि आपल्याकडे ती एकटी जात नाही, समुद्राचे मीठ बरोबर नेते. लोखंड गंजले की फुगते, फुगले की काँक्रीट खालून सोडवते. वाचनकक्षात मुलीच्या उघड्या वहीवर छताचा ढलपा पडलेला मी पाहिला आहे. सुदैवाने वहीवरच पडला.

याला उपाय नाही असे नाही. आरसीसीसाठीचे भारतीय मानक, आयएस ४५६ : २०००, किनारी हवेत राहणाऱ्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात धरते. त्यासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगते. सौम्य हवेत हेच आवरण २० मिलिमीटर पुरते. म्हणजे कागदावर फरक दुपटीहून जास्त आहे. साइटवर तो राहतो का, हे सळईखाली ते अंतर राखणारे ठोकळे, कव्हर ब्लॉक, कुठले ठेवले त्यावर ठरते, आणि ते बघायला स्लॅब ओतण्याच्या दिवशी कुणी उभे आहे का त्यावर. या मानकाच्या आधी बांधलेल्या इमारतींना दोष देण्यात अर्थ नाही. पण नव्या संकुलाच्या निविदेत ही दोन कलमे ठळक छापा, आणि त्या दिवशी आपल्यातले कुणीतरी साइटवर हजर राहा, एवढी विनंती आहे.

गळती थांबेना, तेव्हा आपण काय केले? प्रत्येक आरसीसी इमारतीच्या गच्चीवर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला आणि वर उतरता पत्रा घातला. रेनकोट घालून वर छत्री धरावी तसा हा प्रकार. खाडीच्या पलीकडून पाहिले तर आवार आज निळ्या-लाल पत्र्यांचे दिसते. कुणा वास्तुविशारदाने हे रूप काढलेले नाही. पावसाने ते आपल्याकडून करून घेतले. मला त्या शेडची थट्टा करायची नाही. शेड घातल्यापासून ग्रंथालयातल्या बादल्या निम्म्या झाल्या. माझे म्हणणे एवढेच की जिथे प्रत्येक सपाट गच्चीला शेवटी उतरते छप्पर मिळतेच, तिथे ते पहिल्याच नकाशात का नसावे? दोनदा खर्च करून एकच छप्पर का घ्यावे? फलकावरच्या चित्रात पुन्हा सपाट गच्चीच आहे. काही पावसाळ्यांनी तिच्यावरही पत्रा चढेल. त्याची निविदा वेगळी निघेल.

इथे कौलारू छपराचे गोडवे गाणारे पुष्कळ जण भेटतात, विशेषतः मे महिन्यात मुंबईहून आलेले. त्यांनी एकदा तरी फुटलेल्या कौलाखाली श्रावण काढावा. कौले वानरे फोडतात. फणस-काजूच्या दिवसांत टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कौले गेलीच. गावांतल्या कितीतरी घरांवर पत्रा आला तो हौसेने नव्हे, वानरांपुढे हात टेकून. वाशांना वाळवी लागते. माळ्यावर उदमांजर वीण घालते आणि त्याचा वास संदर्भ विभागापर्यंत येतो. आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तर सगळ्यांना आठवत असेल. अलिबागजवळ ते जमिनीवर चढले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीपर्यंत शाळा-घरांची छपरे उडाली. कौले उडाली तसे पत्रेही उडाले. पत्रे तर बागांतून, विजेच्या तारांतून सापडले. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आले. तेव्हा कौल चांगले की पत्रा चांगला, असा सोपा निवाडा मी देणार नाही. तेवढी वादळे पाहून झाली आहेत.

आणखी एक. ज्याला आपण ‘खास आपले’ म्हणतो ते मंगलोरी कौलही एके काळी बाहेरून आलेली, कारखान्यात केलेली नवी वस्तूच होती. १८६५ मध्ये बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेच्या लोकांनी मंगळुरात त्याचा कारखाना काढला, आणि ते समुद्रमार्गे आपल्या बंदरांत उतरू लागले. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे नळे होते किंवा गवताची शाकार. नव्या मालाचे कोकणाला कधी वावडे नव्हते. तो माल इथल्या पावसात टिकतो का आणि इथल्या माणसाच्या हाताने दुरुस्त होतो का, एवढेच पाहिले जाई.

या दुसऱ्या प्रश्नासाठीच मी हे सगळे लिहीत आहे.

ग्रंथालय आधी जुन्या इमारतीत होते, तिची शाकारणी दरवर्षी व्हायची. वैशाखात चार-पाच माणसे छपरावर चढत, एकेक पाखा उलगडत, फुटके कौल काढून नवे बसवत, किडलेली रीप बदलत, पन्हळी साफ करत. आठवडाभर आवारात धूळ असे आणि आम्ही पुस्तकांवर जुन्या चादरी टाकून बसत असू. हे काम कुणाला दुरुस्ती वाटत नसे. आंब्याच्या पेट्या भरण्यासारखेच ते त्या महिन्यातले काम होते. शेजारच्या वाडीतले एक गवंडी बरीच वर्षे हे काम घेत. आरसीसी ग्रंथालय गळू लागले तेव्हा त्यांना बोलावून विचारले. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, कौल फुटला तर मी तेवढा कौल बदलतंय. ह्यात बदलू काय?”

आवारातल्या वास्तुकलेत खरा बदल झाला तो इथे झाला, असे मला वाटते. चिरा गेला आणि काँक्रीट आले, काँक्रीटवर काच आली, हे डोळ्यांना दिसते. दिसत नाही ते असे की दर वर्षी थोडी दुरुस्त होणारी इमारत गेली आणि एकदाच बांधून विसरायची इमारत आली. कोकणात अशी इमारत असू शकत नाही. इथे पाऊस दर वर्षी ती परत उघडतो.

आपल्या अंदाजपत्रकाची रचनाही या विसरण्याला सोयीची आहे. नव्या इमारतीला कोटींची प्रशासकीय मान्यता मिळते, भूमिपूजन होते, फीत कापली जाते, कोनशिलेवर नावे येतात. पन्हळ साफ करण्याला कोनशिला नसते. ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, म्हणजे दोषदायित्वाचा, काळ संपतो आणि त्याच्या पुढच्याच आषाढात पहिला डाग दिसतो. मग पत्रव्यवहार. ग्रंथालयातून गळतीचे पत्र जायचे ते मेमध्ये. जुलैत पाहणी व्हायची. ऑक्टोबरात ऊन पडले की गळती आपोआप थांबायची आणि फाइलही. मार्चअखेर पैसे खर्ची टाकायची घाई व्हायची तेव्हा कुणीतरी रंगकाम काढायचे. ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पुढे काय होते ते वर लिहिलेच आहे.

एअरपोर्टमध्ये हा प्रश्न आणखी अवघड झाला आहे. तिथल्या काचा उघडत नाहीत. वीज असते तोवर एसीने आतली हवा कोरडी राहते. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाते हे विचारायचे नसते, कधी येते ते विचारायचे असते. एसी बंद पडला की तासाभरात भिंतींना घाम सुटतो. तिथल्या नव्या वाचनकक्षात हलवलेल्या संदर्भग्रंथांना पहिल्याच श्रावणात बुरशी आली. जुन्या ग्रंथालयातही पुस्तके फुगत, वेखंड आणि नेप्थलीनच्या गोळ्या ठेवाव्या लागत. पण झडपांतून वारा फिरत राही, आणि अश्विनात ऊन दाखवले की ती पूर्ववत होत. काचेच्या कपाटात कोंडलेल्या हवेला कुठले ऊन दाखवायचे? दर्शनी शीटांमागे पारव्यांनी घरटी केली आहेत ती काढायला शिडी पोचत नाही, क्रेन मागवावी लागते. तालुक्यात तशी क्रेन नाही.

नवे बांधूच नका, असे मी म्हणत नाही. जुन्या इमारतीत मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहे नाहीत. जोते एवढे उंच की व्हीलचेअरवरचा विद्यार्थी पडवीपर्यंत पोचू शकत नाही, आणि उताराची वाट करायचे इतक्या वर्षांत कुणाला सुचले नाही. संगणक प्रयोगशाळेला बंद, थंड खोली लागतेच. विद्यार्थिसंख्या वाढली आहे. नवी इमारत हवी आहे. मात्र ती या जागेची हवी.

आधुनिक इमारत म्हणजे हवामानाशी फारकत, असेही काही नाही. आपल्याच आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचे उदाहरण समितीपुढे ठेवते. १९१६ मध्ये जन्मलेला हा मालवण तालुक्यातला मुलगा पुढे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेतले नामवंत वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकला आणि परत येऊन कानपूरच्या आयआयटीचे आवार उभे केले. उघडे काँक्रीट आणि विटा, जुन्याची नक्कल कुठेही नाही. पण एका इमारतीतून दुसरीत जायला छत असलेले लांब जोडमार्ग आहेत, मध्ये चौक आहेत, कानपूरच्या उन्हाचा विचार आहे. आपल्या आवारात ग्रंथालयातून प्रयोगशाळेत जायला आजही छत्री उघडावी लागते. कानपूरला ऊन अडवायला जे केले ते आपण पाऊस अडवायला केले असते, तर आचऱ्याच्या माणसाला बरे वाटले असते.

दुसरे उदाहरण आपल्या सगळ्या कॉलेजांचे जे जुने मातृविद्यापीठ, त्या मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारतींचे. इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांनी त्या लंडनमध्ये बसून काढल्या. ते मुंबईत कधी आले नाहीत. १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला. दिसायला सगळे युरोपातले, तरीही दीक्षान्त सभागृहाला आणि ग्रंथालयाला कमानींचे खुले सज्जे आहेत. समुद्रापलीकडच्या, मुंबई न पाहिलेल्या माणसाला तेवढे कळले. आपले वास्तुविशारद तर महामार्गाने येतात.

मात्र एका मोहापासून समितीने दूर राहावे. हे पत्र वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, काचेऐवजी कोकणी टच देऊ. म्हणजे आरसीसीचा उतरता स्लॅब, त्यावर सिमेंटने चिकटवलेली कौले, भिंतीवर चिऱ्याच्या पातळ फरशा. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांनी हे पुष्कळ केले आहे. त्या कौलाखाली हवा फिरत नाही, फुटले तर बदलता येत नाही, आणि गळायचे ते खालचा स्लॅब गळतोच. त्यापेक्षा गंजरोधक लेप दिलेल्या लोखंडी कैचीवर, वादळात उडू नये म्हणून नीट जखडलेला साधा पत्रा, भिंतीपुढे भरपूर काढलेला, खाली हवा जायला मोकळी जागा ठेवलेला, मला शतपटीने जास्त कोकणातला वाटेल.

सड्याबद्दलही लिहायला हवे. नव्या संकुलाच्या मागे वाहनतळ आखला आहे, त्यासाठी कातळ सपाट करून पेव्हर ब्लॉक बसणार. पावसाळ्याबाहेर पाहिले तर तो सडा ओसाड दिसतो. पहिल्या पावसानंतर याच कातळांवर दीपकाडी फुलते, जी जगात कोकणाबाहेर जवळजवळ नाहीच. श्रावणात ‘सीतेची आसवे’ या रानफुलांनी सडा निळा होतो. भेगांतून मुरलेले पाणी कड्याखालच्या वाडीच्या विहिरींना जाते. पेव्हर बसले की ते वरून वाहून थेट पाखाडीच्या पायऱ्यांवरून वाडीत उतरेल. आणि कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही नावे आता देशभर माहीत झाली. ती शिल्पेसुद्धा अशाच ‘ओसाड’ सड्यांवर सापडली. आपल्या सड्यावर आहेत असा माझा दावा नाही. जेसीबी लावण्याआधी कुणी जाणकाराने एकदा चालून बघावे, एवढेच. भूगोल आणि इतिहासाचे विद्यार्थी फुकट करतील हे काम.

चिरा म्हणजे पर्यावरणपूरक, असाही भाबडेपणा नको. चिरेखाणींनी किती सडे खरवडले गेले, ते विमानातून पाहिले तर चौकोनी खड्ड्यांत मोजता येते. आणि म्हणूनच उभी चिरेबंदी इमारत पाडणे मला दुप्पट चूक वाटते. तो दगड एकदा जमिनीतून काढून झाला आहे. गावात घर पाडले तर माणसे चिरा-चिरा सुटा करून पुन्हा वापरतात. सरकारी निर्लेखनात जेसीबी येतो आणि सगळ्याचा डबर होऊन भरावात जातो. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० चा, जांभ्याचाच, उतरत्या छपरांचा. तो आज उभा आहे तो नशिबाने नाही. मध्ये मध्ये कुणी ना कुणी त्याच्या दुरुस्तीवर पैसे खर्च केले म्हणून.

तेव्हा समितीकडे माझे मागणे असे. जुन्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा पूर्ण अहवाल सर्वांसाठी खुला करा. ‘धोकादायक’ हा एक शब्द पुरेसा नाही. भिंती धोकादायक, की वासे, की दक्षिणेचा तो गिलावा, हे त्यात असेलच. वासे असतील तर वासे बदलता येतात. पाहणी कोणत्या महिन्यात झाली तेही कळू द्या. पाडायचे नसेल तर तिथे उताराची वाट आणि स्वच्छतागृहे काढून अभ्यासिका आणि ग्रंथालयाचा जुना संग्रह ठेवा. संगणक, प्रयोगशाळा नव्या इमारतीत न्या. नव्या इमारतीचा नकाशा वास्तुविशारदांकडे परत पाठवा आणि पश्चिम बाजू, छपराचा उतार, जोडमार्ग आणि उघडणाऱ्या खिडक्या या चार गोष्टींवर त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवा. त्यांना आषाढात दोन दिवस इथे मुक्कामाला बोलवा. अतिथिगृह दुसऱ्या पिढीचे आहे, त्यांना बरेच काही तिथेच कळेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधकामाच्या मान्यतेबरोबरच वार्षिक देखभालीचे लेखाशीर्ष उघडा. दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात छप्पर, पन्हळी, पाइप, झडपा तपासून कामाचा आदेश निघाला पाहिजे, आणि तो कुणी काढायचा त्या पदाचे नाव ठरावात हवे. त्या रकमेतून जी इमारत सांभाळणे झेपणार नाही, ती बांधू नका. क्रेन लागणारी शीट असो की मुंबईहून माणूस आणावा लागणारी काच, इथल्या गवंडी-सुतार-फॅब्रिकेटरला जमणार नाही असे काहीही दर्शनी भागावर नको. जवळच्या आयटीआयमध्ये सुतारकाम आणि गवंडीकाम शिकणारी मुले आहेत. शाकारणी करणारे जुने लोक अजून आहेत तोवर या मुलांना त्यांच्याबरोबर छपरावर चढवा. त्यांना मजुरी मिळेल, आपल्याला पुढची तीस वर्षे माणसे मिळतील.

निविदा उघडायला थोडेच दिवस उरले आहेत, असे फलकावरून दिसते. त्याआधी समितीची एक बैठक आवारात घ्यावी. जुन्या ग्रंथालयाच्या कार्यालयात, खिडकीशेजारच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात, इमारतीच्या शाकारणीच्या नोंदवह्या आहेत. कुठल्या वर्षी किती कौले लागली, कुठला वासा बदलला, मजुरी किती दिली, सगळे त्यात आहे. कपाटाची किल्ली मी निवृत्त होताना रीतसर सुपूर्द केली होती. ती सापडत नसेल तर कळवावे, दुसरी कुणाकडे आहे ते मला माहीत आहे.

कळावे,
आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त ग्रंथपाल